‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ की ‘फॉर’? इंग्रजीतल्या फसव्या जोड्या अशा सोडवा

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, वर्धा इथून शिकायला किंवा नोकरीसाठी नागपुरात येणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शब्द कमी येतात असं नसतं. शाळेत दहा-बारा वर्षं इंग्रजी झालेलं असतं, स्पेलिंगं पाठ असतात. गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. दोन शब्द सारखेच वाटतात आणि बोलताना नेमका नको तो तोंडात येतो. ‘से’ की ‘टेल’, ‘बाय’ की ‘अंटिल’, ‘रिमेंबर’ की ‘रिमाइंड’. मग मिहानमधल्या कंपनीच्या मुलाखतीत किंवा कॉलेजच्या सेमिनारमध्ये, सगळं येत असूनही, माणूस गप्प बसतो. हे मला फार लागतं, कारण ही अडचण थोड्या शिस्तीने सुटणारी आहे.

बाजारात अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्या याद्या इंग्रजी शब्दापासून सुरू होतात आणि आपण बोलताना सुरुवात करतो मराठी शब्दापासून. मनात आधी ‘पर्यंत’ येतं, मग त्याचं इंग्रजी शोधायला लागतो. म्हणून खालची रीत मराठीकडून इंग्रजीकडे जाते.

पायरी 1: वहीत आधी मराठी शब्द लिहा

एक साधी वही घ्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक मराठी शब्द लिहा, ज्याच्यासाठी इंग्रजीत दोन किंवा जास्त शब्द आहेत. त्याखाली पानाचे तेवढे भाग करा. प्रत्येक भागात त्या इंग्रजी शब्दाचं एक पूर्ण वाक्य लिहा, तेही तुमच्या रोजच्या जगण्यातलं. अर्थ लिहू नका. अर्थ लिहिला की दोन्हीकडे तोच मराठी शब्द येतो आणि पान वाया जातं. सगळ्यात खाली एक ओळ ‘कसोटी’ म्हणून ठेवा. कोणता शब्द केव्हा, हे ओळखायचा प्रश्न त्या ओळीत लिहायचा.

नमुन्यासाठी ‘सावली’ घ्या. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलेला प्रत्येक जण झाडाची सावली शोधतो. ही सावली म्हणजे ‘शेड’: ऊन लागत नाही ती जागा. ‘लेट्स स्टँड इन द शेड.’ आणि संध्याकाळी फुटाळ्याच्या काठाने चालताना रस्त्यावर तुमचीच लांबच लांब आकृती पडते, ती ‘शॅडो’. ‘माय शॅडो इज लाँगर दॅन मी.’ कसोटी: आकार दिसतो का? दिसत असेल तर शॅडो. नुसता गारवा हवा असेल तर शेड. एक पान झालं.

पायरी 2: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ ही दोन पानं सगळ्यात आधी भरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

मराठीत आपण ‘2019पासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो. प्रत्यय एकच आहे. इंग्रजीला मात्र फरक हवा असतो. सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’, गेलेल्या काळाची लांबी सांगितली तर ‘फॉर’. नागपूर मेट्रो मार्च 2019मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. म्हणून ‘द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स 2019’. आणि तुम्ही सीताबर्डी इंटरचेंजवर गाडीची वाट बघत असाल तर ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टेन मिनिट्स’. कसोटी: कॅलेंडरवर किंवा घड्याळात त्या जागी बोट ठेवता येतं का? सोमवार, सकाळचे नऊ, 2019, दिवाळी यांवर बोट ठेवता येतं, म्हणून सिन्स. दहा मिनिटं, दोन वर्षं, बराच वेळ यांवर ठेवता येत नाही, ती मोजावी लागतात, म्हणून फॉर. ‘सिन्स टू इयर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे, कितीही सवयीचं वाटलं तरी.

याच पानावर क्रियापदाकडेही बघा. मराठीत ‘मी 2019पासून इथे राहतो’ असा साधा वर्तमानकाळ चालतो. त्यामुळे ‘आय लिव्ह हिअर सिन्स 2019’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2019’ असं निघतं. इंग्रजीत तेव्हापासून आतापर्यंत चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतंच: ‘आय हॅव लिव्ड हिअर सिन्स 2019’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. ‘फॉर’ला ही सक्ती प्रत्येक वेळी नसते. ‘आय लिव्ह्ड इन वर्धा फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तीन वर्षं राहिलो, आता नाही. ‘हॅव’ घातलं तर अजून राहतो. मुलाखतीत अनुभव सांगताना हा फरक जपा, कारण समोरचा त्यावरून तुम्ही अजून त्या नोकरीत आहात की सोडली ते ठरवतो.

आता ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस उघडं आहे’. पहिल्यात काम एकदाच करायचं आहे, शुक्रवार ही शेवटची मुदत आहे. तिथे ‘बाय’: ‘सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे’. दुसऱ्यात ऑफिस त्या दिवसापर्यंत रोज उघडं राहणार आहे. तिथे ‘अंटिल’ किंवा ‘टिल’: ‘द ऑफिस इज ओपन अंटिल फ्रायडे’. इतिहासातलं वाक्य घ्या. नागपूर 1956पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं: ‘नागपूर वॉज द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश अंटिल 1956’. राजधानीपण त्या वर्षापर्यंत चालत राहिलं, म्हणून अंटिल. कसोटी: मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ बरोबर वाटतं, तिथे बाय. ‘उशिरात उशिरा 1956पर्यंत राजधानी होतं’ विचित्र वाटतं, तिथे अंटिल.

ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय विल फिनिश इट अंटिल मंडे’ लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. तिथे ‘बाय मंडे’च हवं.

पायरी 3: ‘राहणे’ आणि आपलं ‘राहिलो’

नागपुरात नव्या माणसाला पहिला प्रश्न येतो, कुठे राहता? भारतात त्याचं इंग्रजी सहज ‘व्हेअर डू यू स्टे?’ असं होतं आणि आपल्याआपल्यांत ते कळतंही. पण भारताबाहेरच्या माणसाला बहुतेक वेळा त्यातून तात्पुरता मुक्काम ऐकू येतो: हॉटेल, पाहुणचार, चार दिवस. घर कायमचं असेल तर ‘लिव्ह’. साकोलीची मुलगी मानेवाड्याला मावशीकडे परीक्षेपुरती उतरली असेल तर तिने म्हणावं, ‘आय लिव्ह इन साकोली. आय ॲम स्टेइंग विथ माय आंट इन मानेवाडा.’ दोन शब्दांत तिची पूर्ण परिस्थिती येते. कसोटी: पाहुणा की घरचा?

‘राहिलो’चं दुसरं रूप खास आपल्याकडचं आहे. ‘मी येऊन राहिलो’, ‘काय करून राहिला बे?’, ‘समजून राहिलं का?’ ही आपली वऱ्हाडी-नागपुरी बोली मला अतिशय प्रिय आहे आणि ती सोडायची काही गरज नाही. फक्त इंग्रजी बोलताना ती प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावायला लावते, तेवढं लक्षात ठेवा. ‘येऊन राहिलो’ला ‘आय ॲम कमिंग’ अगदी बरोबर. ‘समजून राहिलं’ला मात्र ‘आय अंडरस्टँड’. नो, वाँट, नीड, अंडरस्टँड, बिलीव्ह ही क्रियापदं साधारणपणे ‘इंग’शिवाय वापरायची. ‘हॅव’चं तसं अर्थावर आहे. मालकी किंवा नातं असेल तर ‘आय हॅव टू ब्रदर्स’. जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ कधीच नाही.

पायरी 4: मराठीने जिथे फरक आधीच केला आहे, तिथे तो वापरा

काही जोड्यांत मराठी तुमच्या बाजूने असते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मुलं उगाच घाबरतात.

‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ बघा. ‘तो म्हणाला’मध्ये कोणाला हे यावंच लागत नाही. ‘त्याने मला सांगितलं’मध्ये माणूस येतो. इंग्रजीतही बरंचसं तसंच आहे. ‘ही सेड ही वॉज टायर्ड’, पण ‘ही टोल्ड मी ही वॉज टायर्ड’. ‘ही सेड मी’ चूक, ‘ही टोल्ड टू मी’ही चूक. ‘से’नंतर माणूस आणायचाच असेल तर ‘टु’ लावा: ‘ही सेड टु मी’. खरं, खोटं आणि गोष्ट यांना मात्र माणूस नसतानाही ‘टेल’ लागतं: टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी.

‘दिसणे’ म्हणजे ‘सी’, ‘बघणे’ म्हणजे ‘लुक ॲट’, आणि हलतं-चालतं काही बघत राहणे म्हणजे ‘वॉच’. जामठ्याच्या स्टेडियमवर तुम्ही मॅच ‘वॉच’ करता, स्कोअरबोर्डकडे ‘लुक’ करता आणि गर्दीत अचानक ओळखीचा चेहरा तुम्हाला दिसतो, तो तुम्ही ‘सी’ करता. कानाचंही तसंच. ‘ऐकू येणे’ म्हणजे ‘हिअर’, ‘ऐकणे’ म्हणजे ‘लिसन टु’. फोनवर ‘आवाज येतोय का?’ याचं इंग्रजी ‘कॅन यू हिअर मी?’ आहे. ‘आर यू लिसनिंग?’ विचारलंत तर समोरच्याला वाटतं, आपलं लक्ष नाही म्हणून हा दटावतोय. ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी असेल तर ही एक जोडी आधी पक्की करा.

तिसरी मदत आपल्या प्रयोजक क्रियापदांची. शिकणे-शिकवणे: लर्न-टीच. मरणे-मारणे: डाय-किल. वाढणे-वाढवणे: राइज-रेज. स्वतःहून घडलं की पहिला शब्द, कोणी घडवलं की दुसरा. कळमना मार्केटात संत्र्याचे भाव वाढले: ‘द प्राइस ऑफ ऑरेंजेस रोज’. व्यापाऱ्यांनी वाढवले: ‘द ट्रेडर्स रेज्ड द प्राइस’. यातली खरी कठीण जोडी ‘लाय’ आणि ‘ले’ची आहे. लाय म्हणजे पडून असणे किंवा आडवं होणे, ले म्हणजे ठेवणे. अडचण ही की ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ होतो. ‘आय ले डाउन यस्टरडे’ म्हणजे काल मी आडवा झालो. ‘आय लेड द बुक ऑन द टेबल’ म्हणजे पुस्तक ठेवलं. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड. ही दोन त्रिकुटं मात्र पाठच करावी लागतात. आणि खोटं बोलणे हाही ‘लाय’च, पण त्याचा भूतकाळ ‘लाइड’.

पायरी 5: जिथे चूक झाली तर अर्थच फिरतो, ती पानं वेगळी खूण करून ठेवा

पहिलं पान ‘आठवण’. होस्टेलवरची मुलगी म्हणते, मला आईची आठवण येते. ‘आय रिमेंबर माय मदर’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला आई हयात नाही असं वाटू शकतं. इथे ‘आय मिस माय मदर’. ‘तुझ्याकडे बघून मला माझ्या भावाची आठवण येते’: ‘यू रिमाइंड मी ऑफ माय ब्रदर’. ‘उद्या फीची आठवण करून दे’: ‘रिमाइंड मी अबाउट द फीज’. आणि ‘मला त्याचा नंबर आठवतोय’: ‘आय रिमेंबर हिज नंबर’. एका मराठी शब्दाखाली तीन इंग्रजी शब्द निघाले.

दुसरं ‘शंका’. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे मला एक प्रश्न आहे, हे आपल्याकडे रुळलेलं आहे आणि इथल्या वर्गात ते चालतं. परदेशी क्लायंटशी बोलताना ‘आय हॅव अ क्वेश्चन’च म्हणा, नाहीतर तुमचा त्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही असा अर्थ निघतो. त्याहून गंभीर जोडी ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ची. ‘आय डाउट दॅट ही टुक माय सायकल’ म्हणजे त्याने नेली असेल असं मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक इट’ म्हणजे त्यानेच नेली असावी. मराठीत दोन्हीकडे ‘मला शंका आहे’ येऊ शकतं. लेखी तक्रारीत हा शब्द चुकला तर तक्रार उलटी होते.

‘नाकारणे’: काही करायला नाही म्हटलं तर ‘रिफ्यूज’, आरोप खरा नाही म्हटलं तर ‘डिनाय’. ऑटोवाल्याने इतवारीला यायला नकार दिला: ‘ही रिफ्यूज्ड टु गो’. जास्त पैसे घेतल्याचा आरोप त्याने नाकारला: ‘ही डिनाइड ओव्हरचार्जिंग’.

‘जिंकणे’ आणि ‘हरवणे’ यांसाठी विदर्भाच्या रणजी विजयासारखं दुसरं उदाहरण नाही. फेब्रुवारी 2019मध्ये जामठ्याला झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाने सौराष्ट्राला 78 धावांनी हरवलं आणि सलग दुसऱ्या वर्षी करंडक जिंकला. सामना किंवा करंडक ‘विन’ करतात, संघाला ‘बीट’ करतात. ‘विदर्भ बीट सौराष्ट्र अँड वन द ट्रॉफी.’ ‘वी वन देम’ असं होत नाही. आणि किल्ली हरवली तर ‘आय लॉस्ट माय की’.

‘शोध’साठी गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात एकदा चक्कर मारा. निसर्गात आधीपासून होतं ते सापडलं तर ‘डिस्कव्हर’, नव्हतं ते बनवलं तर ‘इन्व्हेंट’. सी. व्ही. रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी प्रकाशाच्या विखुरण्यातला जो परिणाम शोधला, तो डिस्कव्हरी. टेलिफोन हे इन्व्हेन्शन. तिथेच आणखी एक जोडी फुकट सुटते. ‘रामन इफेक्ट’ हे नाम आहे, म्हणून परिणाम हे नाम म्हणजे ‘इफेक्ट’, ईने सुरू होणारा. परिणाम करणे हे क्रियापद ‘अफेक्ट’, एने सुरू होणारा. ‘द हीट अफेक्ट्स एव्हरीवन.’

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या जोडीला फार वेळ नको. 14 ऑक्टोबर 1956, दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा दिवस, हा ‘हिस्टॉरिक’: इतिहास घडवणारा. भोसलेकाळातलं कोणतंही जुनं दप्तर ‘हिस्टॉरिकल’: इतिहासाशी संबंधित, मग ते महत्त्वाचं असो वा नसो.

पायरी 6: एवढासा ‘अ’

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर ‘देअर इज अ लिटल तर्री लेफ्ट’ म्हणजे थोडी आहे, घ्या. ‘देअर इज लिटल तर्री लेफ्ट’ म्हणजे जवळजवळ संपली. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यू’: ‘अ फ्यू सीट्स’ म्हणजे काही जागा आहेत, ‘फ्यू सीट्स’ म्हणजे नसल्यातच जमा. ‘अ’ असला की आशा आहे, एवढं कसोटीच्या ओळीत लिहा.

पायरी 7: दिसायला सारखे शब्द शेवटी घ्या

हे मराठीमुळे होत नाही, स्पेलिंगमुळे होतं, म्हणून यांना वहीच्या मागच्या पानांवर जागा द्या. ‘ॲडव्हाइस’ सीने लिहितात, ते नाम, शेवटी स. ‘ॲडव्हाइज’ एसने लिहितात, ते क्रियापद, शेवटी ज. नामाला अनेकवचन नाही, ‘ॲडव्हाइसेस’ म्हणू नका. ‘लूज’ हा शब्द आपण सैल कपड्यांसाठी वापरतो, पण इंग्रजीत सैल म्हणजे ‘लूस’, दोन ओवाला. हरवणे आणि हरणे म्हणजे ‘लूज’, एक ओवाला. आपला उच्चार नेमका उलटा बसला आहे, तो मोठ्याने म्हणून दुरुस्त करावा लागतो. ‘क्वायट’ म्हणजे शांत, ‘क्वाइट’ म्हणजे बऱ्यापैकी. ‘स्टेशनरी’ वह्या-पेनांची असेल तर शेवटच्या आरच्या आधी ई येतो, एन्व्हलपमधला ई लक्षात ठेवा. एका जागी उभ्या वाहनाच्या ‘स्टेशनरी’त तिथे ए.

पायरी 8: रोजचा सराव

शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश मोबाइलवर ठेवा. इंग्रजी-मराठी कोश दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ देतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो. शिकणाऱ्यांच्या कोशात उदाहरणवाक्यं असतात, ती आधी वाचा, व्याख्या नंतर.

मग एक इंग्रजी वर्तमानपत्र धरा. नागपुरात ‘द हितवाद’ आहे, 1911मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सुरू केलेला. शहराच्या पानावरच्या बातम्या घ्या, कारण घटना तुमच्या ओळखीची असते आणि सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं. ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘डिनाइड’, ‘रिफ्यूज्ड’, ‘सिन्स’, ‘बाय’ यांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि वहीतली कसोटी तिथे लागते का बघा. लागली नाही तर कसोटी सुधारा, वाक्य खाली उतरवून घ्या. एका दिवशी एका जोडीपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्या दिवशी ती जोडी खोलीवरच्या मित्राशी, मेसमध्ये, बसमध्ये, जमेल तिथे पूर्ण वाक्यात वापरा. मित्राने हसत विचारलं, ‘इंग्लिश झाडून राहिला का बे?’, तर त्यालाही एक पान भरायला लावा. दोघांत सराव चटकन होतो: एकाने मराठी वाक्य टाकायचं, दुसऱ्याने इंग्रजी शब्द निवडून तोच का निवडला हे सांगायचं. सुरुवात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ने करा, आणि ती दोन पानं न अडखळता येईपर्यंत तिसरं उघडू नका.